अर्ध्यावर थांबणारी बायबलबाई

आमच्या मंडळीतली बायबलबाई दुःखाचं स्तोत्र कधी शेवटपर्यंत म्हणायची नाही. निम्म्याहून थोडं पुढं जायची, आणि जिथं रडणं संपून स्तुती सुरू होते नेमकी तिथं थांबायची. मग पुस्तक निळ्या धडप्यात बांधायची, पदर सारखा करायची आणि उठून चालू लागायची. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं ते तसेच बसून राहायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला पुढचं पाठ नसावं. मोठ्या उत्साहानं मी माझं पुस्तक उघडलं आणि पान काढून तिच्यापुढं धरलं. जेवणाऱ्याच्या पुढ्यातलं ताट उचलावं तसं काहीतरी मी केलं असावं, कारण तिनं माझ्याकडं तसंच पाहिलं. "मला ठावं हाय पुढचं, पाळकसाहेब," ती म्हणाली. "त्यांना अजून ठावं न्हाय."

ज्यांचं लहानपण चर्चच्या आवारात गेलं त्यांना बायबलबाई म्हणजे कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी, आजाऱ्याजवळ बसणारी, बाळंतिणीसाठी प्रार्थना करणारी अशी एक बाई मिशनच्या काळापासून प्रत्येक मंडळीत असे. आमच्या बाईचं खरं नाव मंडळीच्या वहीत होतं, पण त्या नावानं तिला हाक मारताना मी कुणाला ऐकलं नाही. गावातले शेतकरी, बौद्ध वाड्यातले लोक, एसटीचा कंडक्टर, सगळे तिला बायबलबाईच म्हणत. उंचीनं कमी, अंगानं काटक, आणि आवाज जात्यावर बसून कमावलेला. वाचायची ती बोट ठेवून, एकेक अक्षर चाचपत. म्हणायची मात्र ओवीच्या चालीवर, डोळे मिटून.

आणि मी कोण होतो? मी सत्तावीस वर्षांचा नवा पाळक होतो. धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, दोन ट्रंका घेऊन अणदूरच्या अलीकडच्या त्या गावात उतरलेला. एका ट्रंकेत कपडे आणि भांडी, दुसरीत नुसती पुस्तकं. माझा अभ्यासाचा विषयच मुळी जुन्या करारातली कविता होता: माणूस दुःखात देवाला हाक मारतो तेव्हा देव कुठं असतो. त्यावर मी जाडजूड वही भरली होती. शिक्षकांनी पाठ थोपटली होती. हिब्रू मुळाक्षरं मला येत होती आणि ती येतात हे चार लोकांना कळावं अशी माझी फार इच्छा होती. दुःखाच्या कवितेबद्दल त्या पंचक्रोशीत जर कुणाला काही कळत असेल तर ते मला, अशी माझी खात्री होती.

गावात आल्यावर पंधरा दिवसांत एक म्हातारा वारला. मी अंगरखा इस्त्री करून, वही काढून तयार बसलो. कुणी आलंच नाही. दुपारी एक जण येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, पाचला माती हाय, या." सकाळपासून बायबलबाई तिथं बसलेली होती. मला फक्त खड्ड्याची वेळ कळवली. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढं कितीतरी वर्षं थांबलं नाही. हे मी आज उघड लिहितो आहे, कारण आता लपवण्यात काही राहिलं नाही. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. साधा, हलका नाही. चांगला अंगाचा तिळपापड करणारा हेवा.

तिच्या त्या अर्ध्यावर थांबण्याची गावात एक रीतच पडून गेली होती. स्तोत्राचा उरलेला भाग ती राखून ठेवायची. महिना जायचा, वर्ष जायचं, कुणाकुणाची तीन-तीन वर्षं जायची. मग एखाद्या दिवशी त्या घरातलं कुणी तिच्या दारात येऊन म्हणायचं, "बाई, फुडचं म्हणा आता." दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून त्यांच्या घरी जायची आणि स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. याला गावात "शेवट येणं" म्हणत. "त्यांच्याकडं शेवट आला का?" असं पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारायच्या, आणि आला असं कळलं की त्या घराशी लोक पुन्हा थट्टामस्करी करू लागायचे. कुठल्या घरी शेवट यायचा राहिलाय हे बाईला सगळं तोंडपाठ असायचं.

मी तिला एकदा पाळकाच्या थाटात विचारलं, "बाई, शास्त्र असं तोडून कसं चालेल?" ती माझ्या बायकोबरोबर अंगणात बसून रेशनवर मिळणाऱ्या मिलोतले, म्हणजे त्या तांबड्या परदेशी ज्वारीतले, खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाळकसाहेब, वरली ओळ रडती आन् खालची हसती, हे तर तुमाला बी दिसतंय. पर मधी काय हाय?"

"मधे काही नाही."

"तेच म्हन्ते मी. मधी कायबी लिवलेलं न्हाय. तिथं किती दिस गेले, किती वरसं गेली, कुणी लिवलं न्हाय. तेवढ्या जागंत माणूस बसलेलं अस्तंय. आपुनबी तिथंच बसायचं."

माझी बायको कमल माझ्याकडं बघून हसली. मला हसू आलं नाही. त्या दोन ओळींमधल्या जागेवर कॉलेजात आमच्या शिक्षकांनी एक अख्खा तास घालवला होता, आणि माझ्या वहीत त्यावर अकरा पानं होती. त्या अकरा पानांत मी जे सांगू शकलो नव्हतो ते या बाईनं खडे निवडता निवडता सांगून टाकलं, आणि वर तिला त्याचं काही विशेषही वाटलं नाही. मी आत जाऊन वही उघडली. ती अकरा पानं पुन्हा वाचली आणि वही मिटून ठेवली.

शास्त्रातल्या, राखेत बसलेल्या त्या नीतिमान माणसाची गोष्ट तिला फार प्रिय. सगळं गेलं, लेकरं गेली, अंगभर फोड आले आणि तीन सोबती भेटायला आले, ती गोष्ट. तिच्या मते ते सोबती मुळात चांगले होते. "सात दिस गप बसले ना त्येच्यासंगं? तवर लई चांगले हुते. आठव्या दिशी तोंड उघडलं आन् वाटोळं झालं." हे सांगताना ती माझ्याकडं बघायची असं मला वाटायचं. कदाचित बघतही नसेल. हेव्यानं माणूस वाकडाच ऐकतो.

बौद्ध वाड्यातले एक शिक्षक होते. त्यांची आई गेली तेव्हा त्यांनी बाईला बोलावलं आणि दारातच सांगितलं, "बाई, आमच्याकडं देवाचं नाव नको. पण तुम्ही या." ती गेली. पुस्तक घरीच ठेवून गेली. दिवसभर त्या माउलीच्या उशाशी बसली, घरातल्या बायकांना पाणी दिलं आणि संध्याकाळी परत आली. मी लगेच टोमणा मारला, "मग तिथं देवाचं काय काम केलंत?" ती म्हणाली, "नाव नको म्हनले ते. बसाया कुणी नको म्हनलं न्हाय." रविवारच्या उपदेशात ते वाक्य वापरावं असं माझ्या फार मनात आलं. पण ते तिचं आहे हे सगळ्यांना कळलं असतं, म्हणून वापरलं नाही.

मग बाहत्तरचं साल आलं. पाऊस आधीपासूनच हुलकावण्या देत होता, त्या वर्षी त्यानं पाठच फिरवली. विहिरींनी तळ गाठला, जनावरं छावणीला गेली आणि सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागलं. मोठे शेतकरी, लहान शेतकरी, आमची मंडळी, बौद्ध वाडा, सगळे एका ओळीत बसायचे, डोक्याला फडकी बांधून. बायबलबाईही हातोडी घेऊन बसली. तिथंच, खडी फोडता फोडता, ती स्तोत्रं म्हणायची. कोरड्या जमिनीवर, फुटलेल्या ओठांवर, आटलेल्या ओढ्यावर त्या जुन्या कवितेत जे जे आहे ते तिनं शोधून काढलं होतं. हातोडीच्या ठोक्यावर ते इतकं चपखल बसायचं की आमच्या मंडळीबाहेरच्या बायकाही तिच्यामागं म्हणू लागल्या. मी मजुरांच्या खाण्यासाठी येणाऱ्या सुकडीच्या वाटपावर देखरेख करायला जायचो आणि ते ऐकत उभा राहायचो. रविवारी माझ्यासमोर जी माणसं बाकांवर पेंगायची, तीच माणसं इथं उन्हात मान हलवत होती.

त्याच साली ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या मंडळीतला दाविद गेला. विहीर खोल करण्याचं काम चालू होतं. एक सुरुंग उडायचा राहिला होता आणि उडून गेला असं समजून तो खाली उतरला. पुढचं लिहीत नाही. त्याची बायको सुगंधा चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. माती झाली तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये सांत्वनाची सभा होती, आणि या सभेत मी बोलायचं असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी सुरुवातीला बायकांनी बाईलाच पुढं केलं.

बाईनं स्तोत्र म्हटलं. असं म्हटलं की पत्र्याखालच्या त्या उकाड्यात अंगावर काटा आला. आणि नेहमीच्या जागी ती थांबली. सुगंधाचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला होता, रडू अगदी ओठाशी आलं होतं. त्या क्षणी मला काय झालं ते मला चांगलं माहीत आहे. मला वाटलं, आता हिनं पुस्तक बांधलं की सभा संपली, मग माझं काय? मी उठलो आणि खणखणीत आवाजात उरलेलं स्तोत्र वाचायला लागलो. स्तुती, आनंद, उपकारस्मरण, सगळं. ओळीमागून ओळ.

सुगंधा उभी राहिली. तिचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला होता. "तुमच्या देवाला लई घाई हाय, पाळकसाहेब," ती म्हणाली आणि भर सभेतून बाहेर निघून गेली. त्यानंतर ती चर्चमध्ये आली नाही. तिच्या घरी मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिनं शेजारणीकडून निरोप दिला की घरात कुणी नाही.

चूक माझी होती, हे कळायला हिब्रू यावी लागत नाही. पण माणसाला आपली चूक सहन झाली नाही की तो दुसऱ्याची शोधतो. मी अधीक्षक साहेबांना पत्र लिहिलं. हे आमच्या वीस-पंचवीस मंडळ्यांवर देखरेख करणारे वडीलधारे गृहस्थ. पत्रात लिहिलं की इथली बायबलबाई पवित्र शास्त्र अर्धवट म्हणते, त्यातून लोकांत निराशा पसरते आणि एक तरुण विधवा विश्वासापासून दूर गेली आहे. प्रत्येक वाक्य वर वर खरं होतं. पत्र टाकून आलो तेव्हा मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

साहेब जीपनं आले. माझ्याच घरी बैठक झाली. बाई खाली सतरंजीवर बसली होती, खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसली नाही. साहेब भला माणूस होता, मऊ आवाजात म्हणाले, "बाई, शास्त्र संपूर्ण आहे. ते आपण संपूर्णच द्यायला हवं."

बाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "साहेब, एक इचारू का? त्यात एक स्तोत्र हाय. अंधारात सुरू व्हतंय आन् अंधारातच संपतंय. शेवटाला स्तुती बिती कायच न्हाय. ते कुणी अर्धं ठिवलं?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. या विषयातला जाणकार मीच होतो. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या स्तोत्रावर माझ्या वहीत नोंद होती, आणि नोंदीखाली मी स्वतःच लिहिलं होतं की देवाला अपुरी प्रार्थनाही चालते याचा हा पुरावा आहे. मी एवढं एक वाक्य बोललो असतो तर बैठक तिथंच संपली असती. मी चहाचे कप गोळा केले आणि आत नेऊन ठेवले. परत आलो तेव्हा साहेबांनी निकाल दिला होता. संपूर्ण म्हणा, नाहीतर म्हणू नका.

"बरं," बाई म्हणाली. तिनं वाद घातला नाही, माझ्याकडं रागानं बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्तोत्रं म्हणणं बंद केलं. पुरंही नाही आणि अर्धंही नाही. खडीच्या कामावर नुसते हातोडीचे आवाज राहिले.

मला वाटलं होतं, आता लोक माझ्याकडं येतील. कुणी आलं नाही. त्या दोन-तीन महिन्यांत मंडळीत तीन मयती झाल्या. तिन्ही घरी मी न बोलावता गेलो, वाचलं, प्रार्थना केली. लोकांनी आदरानं चटई टाकली, चहा दिला आणि मी उठायची वाट पाहिली. बाई त्या घरांत जाऊन नुसती बसायची, आणि मी आत शिरलो की उठून बाहेर यायची, माझा मान राखायला. एका घरी तर मी आत गेल्यावर म्हातारीनं विचारलं, "बाई गेल्या का?" माझं काम त्या प्रश्नाला उत्तर देण्याएवढंच उरलं होतं.

या सगळ्या दिवसांत बाई कामावर सुगंधाशेजारी बसायची. दोघी बोलताना मी कधी पाहिल्या नाहीत. मुकादम हजेरी घ्यायचा तेव्हा एकीचं नाव झालं की दुसरीचं यायचं, एवढाच त्यांचा संबंध. एकीची खडी कमी पडली की दुसरी आपल्या ढिगातली तिकडं सारायची. असे सात-आठ महिने गेले असतील.

आणि एका सकाळी सुगंधा माझ्या दारात उभी राहिली. मी दाढी करत होतो. तोंडाला साबण तसाच. ती उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली, "पाळकसाहेब, फुडचं म्हणा आता."

मी सगळं सोडून धावलो असंच म्हणायला हवं. तोंड पुसलं, पुस्तक घेतलं आणि तिच्या घरी गेलो. या वेळी आवाज खणखणीत काढला नाही. पहिल्यापासून वाचलं, हळू. रडण्याच्या ओळी संपल्या तिथं मी थांबलो आणि तिच्याकडं पाहिलं. ती रडत होती. तिनं मान हलवली, मग मी पुढचं वाचलं. संपल्यावर तिनं डोळे पुसले, मला नमस्कार केला आणि म्हणाली, "जाते. बाईला सांगून येते."

"बाईला?"

"व्हय. म्या त्यांच्याकडंच गेल्ते काल. म्या मागितलं तर म्हनल्या, मला बंदी हाय. पाळकसाहेबांकडं जा, त्यांच्याजवळ हाय ते, त्ये देतील."

आता सांगा, यावर माणसानं काय करावं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं दुःख घेऊन माझ्या दारात आलं होतं, आणि तेही त्या बाईनं पाठवलेलं होतं. माझ्याच पत्रानं तिचं तोंड बंद झालं होतं, आणि तिनं त्या बंद तोंडानं मला हे दिलं. कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटलीही, पण हेव्यानंतर, आणि हेव्याहून बरीच कमी.

पुढच्या रविवारी मी उभा राहून मंडळीला सांगितलं की साहेबांना लिहिलेलं माझं पत्र गैरसमजातून लिहिलं गेलं होतं आणि ते मी मागं घेतलं आहे. हेवा हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. सभा सुटल्यावर बाई माझ्याजवळ आली. "गैरसमज कसला वं, पाळकसाहेब," ती हसत म्हणाली, "जळजळ हुती तुमाला. म्या काय आंधळी हाय व्हय?" आणि जाता जाता कमलला म्हणाली, "यांना ताक देत जा वाईच." त्या दिवसापासून आमचं बरं जमायला लागलं. साहेबांचं उत्तर आलं, बंदी उठली, बाईनं पुन्हा निळं धडपं सोडलं. माझा हेवा मात्र गेला नाही. फक्त तो आता तिला ठाऊक होता, त्यामुळं त्याला वागवणं सोपं झालं.

तिची स्वतःची गोष्ट मला कमलकडून कळली. माझ्याशी ती हे कधी बोलली नाही, कमलशी बोलली, याचाही मला राग आला. तरुणपणी गावात पटकीची साथ आली तेव्हा तिची दोन लेकरं एका आठवड्यात गेली, आणि पाठोपाठ नवरा. तेव्हाच्या पाळकानं तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं स्तुतीचं स्तोत्र वाचलं होतं. तिथून ती अर्ध्यावर थांबायला शिकली.

मी तिला विचारलं, "बाई, मग तुमच्या घरी शेवट कधी आला?"

"आला न्हाय."

"मी म्हणू का?" मी अगदी मनापासून विचारलं. कदाचित मनापासून शंभर टक्के नसेल. त्या बाईला शेवट देणारा पाळक म्हणून मिरवायची हौस त्यातही असेल.

तिनं मान हलवली. "न्हाय. माजं भांडण त्या वरच्यासंगं हाय. शेवट त्येच्याकडनंच घेईन. तुमच्याकडनं घेतला तर तो सुटंल की."

एवढं बोलून ती शेण गोळा करायला गेली. त्या दिवशी मला माझा हेवा नीट कळला. लोक तिला बोलवायचे याचा मला त्रास होता हे खरंच. पण खोलवर जे सलत होतं ते वेगळंच होतं. ती देवाशी तीस वर्षं भांडत होती, आणि समोर कुणी असल्याशिवाय माणूस भांडत नाही. मी देवाशी कायम नीट, शुद्ध भाषेत, अर्ज लिहावा तसा बोलत आलो होतो. अर्ज ज्याला लिहायचा तो साहेब दुसऱ्या गावी असतो.

दुष्काळ सरला. पुढं गावात दूध सोसायटी निघाली, संकरित गाई आल्या, बायका सकाळी बरण्या घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. सुगंधा सोसायटीत दूध मापायला लागली. बाईची एक शेळी होती. शेळीचं दूध सोसायटी घेत नसे, तरी बाई रोज त्या रांगेशेजारी येऊन बसायची, कारण गावातली सगळी दुःखं त्या रांगेत ऐकायला मिळत. माझी बदली परंड्याच्या बाजूला झाली. निघताना मी तिला म्हणालो, "बाई, येतो." ती म्हणाली, "जावा. तिथं बोलवतील का न्हाय कोण जाणे. बसा मात्र." त्या एका शब्दावर मी पुढची वर्षं काढली. नव्या गावात मी बोलणं कमी केलं, आणि हळूहळू दोन-चार घरांतून मला बोलावणं येऊ लागलं. आलं की मला तिची आठवण यायची आणि वाटायचं, ही पण तिचीच देणगी, माझं स्वतःचं असं या जगात काही आहे की नाही?

ती गेल्याचा निरोप सोसायटीच्या फोनवरून आला. सुगंधानं केला होता. म्हणाली, "बाई गेल्या. तुमी या." मी मिळाली ती एसटी धरली. तुळजापूरला गाडी बदलली. सबंध वाटेत मी ठरवत होतो की स्तोत्र वाचायचं आणि तिच्या जागी थांबायचं. पुढचं वाचायचं नाही, ते तिचं तिनं तिकडं मागून घ्यावं. हा विचार मला फार आवडला. लोकांनाही आवडेल, असं वाटलं. ती गेली होती आणि मी अजून लोकांना काय आवडेल याचा हिशेब करत होतो.

स्मशानात सगळं गाव होतं. शेतकरी, बौद्ध वाड्यातले ते शिक्षक, म्हातारे झालेले आमच्या मंडळीतले लोक. तरुण पाळकानं मोठ्या मनानं मला पुढं केलं. मी वाचलं आणि ठरल्या जागी थांबलो. पुस्तक मिटलं. लोकांना कळलं. इथवर माझ्या मनासारखं झालं. पण थांबल्यावर जी शांतता पसरली ती मी ठरवली नव्हती. त्या दोन ओळींमधल्या जागेत मी तोवर दुसऱ्यांनाच बसलेलं पाहिलं होतं. आता माझ्या पायाखालीच ती होती, आणि मला पुढं जाता येईना की मागं. लोकांनी माती लोटली. मी उभाच.

सुगंधा जवळ आली. केस पांढरे होऊ लागले होते तिचे. "राग आलाय का, पाळकसाहेब?"

"आलाय."

"बाईचा?"

"तिचाही," मी म्हणालो, आणि पंधरा वर्षं अडकलेलं सगळं बाहेर आलं. म्हणालो, सुगंधा, मी जळायचो तिच्यावर. तुझ्या सभेत मी वाचलं ते देवासाठी नव्हतं, तिच्यावर मात करायला होतं. आणि अजूनही जळतो. आता ती तिकडं त्याच्यासमोर उभी राहून भांडत असेल, आणि मी इथं पुस्तक हातात धरून उभा आहे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला क्षमा केली असं म्हणाली नाही. "मला काय सांगताय," ती म्हणाली. "त्याला सांगा की."

लोक ऐकत होते. तरुण पाळक ऐकत होता. मी वर पाहिलं आणि माझ्या आईच्या बोलीत, जी मी कॉलेजात गेल्यापासून तोंडात येऊ दिली नव्हती, ओरडलो, "तिच्यापाशी बसलास जलमभर. माझ्यापाशी कवा बसलास?"

उत्तर आलं नाही. सुगंधा माझ्याशेजारी खाली मातीत बसली. मग मीही बसलो. थोड्या वेळानं ते शिक्षक बसले, मग एकेक करून बाकीचे. उन्हं चढली तरी कुणी उठलं नाही.